फाट्यावरचा हिशोब : किरचॉफपासून वावराच्या कुंपणापर्यंत

हा भाग ऐकायचं सोडून वाचताय, म्हणजे रेंज येत-जात असणार. गडचांदूर सोडून जिवतीचा घाट चढायला लागलं की ऑडिओ अडकतो, अक्षरं तेवढी उघडतात.

तर त्या रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांकडे बघा. एका खांबावर तार येते आणि तिथून दोन फाटे फुटतात. एक वाडीत जातो, एक विहिरीवरच्या मोटरीकडे. समजा १२ अँपिअर आले आणि ७ मोटरीला गेले, तर वाडीला किती? ५. झाली वजाबाकी. (एसीमध्ये फेज अँगलची भानगड असते, ती आज सोडून देऊ.)

ही वजाबाकी नियम म्हणून मांडली ती १८४५ मध्ये, गुस्टाव किरचॉफ नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने. गाव क्योनिग्जबर्ग, आज ते रशियात आहे आणि नाव आहे कालिनिनग्राद. गंमत म्हणजे त्याचा मूळ लेख गोल धातूच्या पत्र्यातून करंट कसा पसरतो यावर होता. आज जगभरची पोरं पाठ करतात ते नियम त्याने लेखाला जोड म्हणून दिले होते.

ओमचा नियम तेव्हा आलेला होता, १८२७ चा. पण तो एका वाटेपुरता ठीक. तारांचं जाळं असेल तर? किरचॉफ म्हणाला, जोडावर जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो, कारण तिथे विद्युतभार साठून राहत नाही. पाटाचं पाणी वाटेत मुरतं, इथे मुरायला जागाच नाही. दुसरा नियम व्होल्टेजचा: पूर्ण फेरी मारून परत त्याच जागी आलात की चढ-उताराची बेरीज शून्य. दोन्ही मिळून समीकरणं तयार होतात आणि अज्ञात करंट सापडतात. "पण दिशाच माहीत नसेल तर?" असं वर्गात हमखास कुणीतरी विचारतं. बाण कुठल्याही बाजूला काढा. उत्तर उणे आलं तर समजा करंट उलटा वाहतोय. कितीही गुंतागुंतीच्या जाळ्यासाठी नेमकी किती समीकरणं लागतात, हेही त्याने १८४७ मध्ये दाखवून दिलं.

आता आपल्या जिल्ह्यात या. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची डीसी लाईन आहे, १९९९ पासूनची. क्षमता १५०० मेगावॅट, एक बाजू अधिक ५०० किलोव्होल्ट, दुसरी उणे ५००. भाग देऊन बघा, पूर्ण लोडला प्रत्येक बाजूला १५०० अँपिअर येतात. दोन्ही बाजू सारख्या असतील तर मधल्या जोडावरून जमिनीत काहीच जात नाही. एकीकडे १५०० आणि दुसरीकडे १४५० झाले, तर उरलेले ५० जमिनीच्या वाटेने जाणार. तोच नियम, फक्त आकडे मोठे.

हीच वजाबाकी जीवही वाचवते. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी हेन्री रुबिन यांनी अशा यंत्रावर काम केलं. आज घरच्या बोर्डात बसतं ते त्याच जातीचं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत यायला हवा. दोघांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की सप्लाय तुटतो. फरक म्हणजे कुठून तरी करंट जमिनीत जातोय, कदाचित एखाद्याच्या अंगातून.

आणि इथे येतं रानडुक्कर. रात्रभर जागून राखलेलं वावर एका कळपाने सकाळपर्यंत सपाट केलं, तर शेतकऱ्याची तडफड मी समजू शकतो. पण मग बांधावरून उघडी तार जाते, लाईनवर आकडा पडतो. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, नागभीडकडे, श्रीनिवास नावाचा वाघ अशाच तारेला लागून मेला. प्रसिद्ध 'जय' वाघाचा तो बछडा. अशा तारांनी माणसंही मेली आहेत, कधी तर तार लावणाऱ्याच्याच घरची.

डीपीचा फ्यूज का उडत नाही? हिशोब करा. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरा. २३० व्होल्टला ०.२३ अँपिअर जातात, जुन्या ६० वॅटच्या बल्बाएवढे. पाच एचपीची मोटर प्रत्येक फेजमधून सात-आठ अँपिअर ओढते. फ्यूजच्या लेखी कुणीतरी एक बल्ब लावला, बस्स. फरक मोजणारं यंत्र असतं तर त्याने ओळखलं असतं, पण आकडा खांबावरूनच घेतला की ते यंत्र वाटेत येतच नाही.

झटका मशीनचं गणित वेगळं आहे. तिथे करंट सलग वाहत नाही. साधारण सेकंदाला एक ठोका, तोही सेकंदाच्या अगदी छोट्या तुकड्यापुरता. जनावर दचकून मागे फिरतं. रात्री ते मशीन टिक-टिक वाजताना ऐकलंय का कधी?