ऋण आणि स्वत्व : चित्रकार बेंद्रे

बडोदे जिल्ह्यातील करजणचा एक जुना दाखला कलेच्या चर्चेतही उपयोगी पडावा असा आहे. मियागाम-करजणपासून डभोईकडे जाणारा अरुंद रुळांचा मार्ग गायकवाड सरकारने १८६२ साली घातला. प्रारंभी त्यावरील गाड्या बैल ओढीत. विद्या विलायती, बळ घरचे. मार्ग मात्र गायकवाडांचाच म्हणून ओळखला गेला.

नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या चित्रांविषयी असाच प्रश्न उपस्थित होतो. १९१० साली इंदूरला जन्मलेल्या या चित्रकाराने देवळालीकर मास्तरांपाशी उघड्यावर बसून निसर्ग रंगविण्याचा धडा घेतला. पुढे काश्मीरने त्यांस प्रकाश दाखविला. १९४५ साली शांतिनिकेतनात नंदलाल बसू व रामकिंकर यांचा सहवास लाभला. १९४७-४८ च्या अमेरिका-युरोपच्या प्रवासात आधुनिक पाश्चात्त्य चित्रे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. बडोद्यास त्यांनी घनवादाचे प्रयोग केले. उत्तरायुष्यात मुंबईस रंगाच्या बारीक ठिपक्यांनी चित्रे विणली. मग इतक्या उसनवारीत बेंद्र्यांचे स्वतःचे ते काय?

आम्ही वकिली करणारी माणसे. ऋणाचा विचार आम्हांस नवा नाही. पैशाच्या कर्जाच्या दाव्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. शास्त्राने सांगितलेल्या ऋषिऋणास मुदत नाही, आणि ते घेतले म्हणून कोणी हीन ठरत नाही. विद्या घ्यावी, आत्मसात करावी आणि पुढच्यास द्यावी, हीच त्याची फेड.

घेतलेले आत्मसात झाले की नाही, हे चित्रच सांगते. १९५५ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या त्यांच्या चित्राचे नाव 'काटा'. त्या नावासरशी खजुराहोच्या मंदिरावरील, पायातला काटा काढणारी नायिका डोळ्यांपुढे उभी राहते. रीत बदलत गेली, तरी कष्टकरी स्त्रिया, खेडी, गुरेढोरे व इथले ऊन यांवरील त्यांची दृष्टी ढळली नाही.

फेडीचा पुरावा तर त्याहून बळकट आहे. १९५० पासून १९६६ पर्यंत बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख हे त्यांचे विद्यार्थी. परंतु एकाचे चित्र दुसऱ्यासारखे नाही, आणि गुरूच्या चित्राची नक्कलही नाही. ज्योती भट्टांनी तर पुढे खेड्यांतील भिंतींवरच्या व अंगणांतल्या लोककलेची छायाचित्रे घेऊन ती जतन केली. आपली छाप शिष्यावर न लादणारा गुरू दुर्मिळ असतो.

आमच्या गोमंतकातील वाचकांस हे नवल वाटू नये. श्रीमंगेश व श्रीशांतादुर्गा यांच्या देवळांचे घुमट आणि खिडक्यांच्या कमानी परक्या धाटणीच्या आहेत. आतला गाभारा मात्र आपलाच. बेंद्र्यांच्या कलेचा न्याय करतानाही बाहेरच्या कमानी मोजून थांबू नये, गाभाऱ्यापर्यंत जावे.