जीवोपजीवी कवकांचे जातिनिर्धारण
जिवंत वनस्पतींच्या ऊतकांतून अन्न शोषणाऱ्या कवकांचा शोध घेऊन त्यांचे वर्णन करणे व वर्गीकरणातील स्थान ठरविणे, यांस ही संज्ञा लावतात. या कार्याचे स्वरूप फायटॉप्थोरा पॅरासिटिका या जातीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

इतिहास : बटाट्यावरील करप्यास कारणीभूत असलेल्या जीवावरून डी बारी यांनी १८७६ मध्ये फायटॉप्थोरा हा वंश स्थापिला. पुसा (बिहार) येथील कृषी संशोधन संस्थेत काम करीत असताना जहांगीर फरदूनजी दस्तुर (१८८६–१९७१) यांनी एरंडाच्या रोपांवरील करप्याचा अभ्यास करून १९१३ मध्ये वरील जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे ते मध्य प्रांताचे सरकारी कवकशास्त्रज्ञ म्हणून नागपूरला आले. नागवेलीच्या रोगांवरील त्यांचा प्रबंध १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. नागवेलीवरील कवकास त्यांनी स्वतंत्र जाती न मानता त्याच जातीचा ‘पायपरिना’ हा प्रकार मानले.

निकष : कवक नव्या पोषक वनस्पतीवर आढळले, एवढ्यावरून ते नवे ठरत नाही. बीजुककोशाचा आकार व त्याच्या टोकावरील उंचवटा, लैंगिक अवयवांची रचना, वाढीस मानवणारे तापमान आणि पोषकावरील संक्रामणाचे प्रयोग यांचा एकत्रित विचार करावा लागतो. पॅरासिटिका ३५° से. तापमानातही वाढते, बटाट्यावरील जाती वाढत नाही.

नामांतर : जावातील तंबाखूवरून ब्रेडा द हान यांनी १८९६ मध्येच फा. निकोटियानी हे नाव दिले होते. दोन्ही नावे दीर्घकाळ प्रचारात राहिली. मात्र जाती एकच असल्याचे मान्य झाल्यावर अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने नाव ग्राह्य ठरले व दस्तुरांचे नाव पर्यायी नावांत गेले. शिवाय, कोशिकाभित्तीत मुख्यतः सेल्युलोज व तत्सम ग्लुकाने असल्याने आणि जनुकीय पुराव्यांवरून हा गट आता खऱ्या कवकांत गणला जात नाही.

महत्त्व : हा केवळ नावांचा वाद नव्हे. विदर्भातील संत्र्याच्या मूळकुजीस व डिंक्या रोगास कारणीभूत असलेल्या जातींपैकी ही एक आहे. खऱ्या कवकांवर गुणकारी असलेली अनेक औषधे हिच्यावर निष्प्रभ ठरतात; उलट मेटॅलॅक्सिल प्रामुख्याने याच गटावर परिणामकारक आहे. हिची चलबीजुके पाण्यातून पोहत मुळांपर्यंत पोहोचतात; त्यामुळे बुंध्याशी पाणी साचू न देणे व रोगास दाद न देणारा खुंट निवडणे हे उपाय सुचतात. बागेचे रक्षण अशा रीतीने अचूक जातिनिर्धारणावर अवलंबून असते.