अर्ध्या घराला टोचलं, अर्ध्याला नाही

आमच्याकडे पोळ्या करायला येणारी मुलगी पाचव्या महिन्यात आहे. परवा कणीक मळता मळता म्हणाली, "आजी, मला सरकारचा फोन येतो दर आठवड्याला. डॉक्टरीणबाई बोलतात त्यात, काय खायचं, तपासायला कधी जायचं. पण तो येतो ह्यांच्या नंबरवर. आणि हे चाकणला कंपनीत. घरी येईपर्यंत अर्धं विसरलेले असतात."

हा फोन म्हणजे केंद्र सरकारची 'किलकारी' योजना. २०१६ साली काही राज्यांत सुरू झाली, महाराष्ट्रात २०२४ मध्ये आली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे एकूण ७२ फोन. आमच्या सूनबाईंना याचं फार कौतुक. किती कोटी फोन गेले वगैरे सांगत होती. मी म्हटलं, गेले ते ठीक, पण त्यानं झालं काय?

हे मी मोठ्या तोऱ्यात विचारलं खरं, पण मनात चरकले. शाळेत असताना एका वर्षी मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या वाटायचं काम माझ्याकडे होतं. गोळ्या वाटल्या, सह्या घेतल्या, अहवालात लिहिलं, 'शंभर टक्के यश'. शाबासकीही मिळाली. पुढे शाळेमागच्या गटारात गोळ्यांची पाकिटं सापडली. किती मुलींनी गोळी गिळली आणि कितीजणींचं रक्त वाढलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. अहवाल मात्र अजून कुठल्यातरी कपाटात असेल.

असो. तर त्या निमित्तानं वाचायला बसले, आणि वाचता वाचता थेट प्लेगपर्यंत गेले.

प्लेग म्हटलं की आम्हा रावेत-चिंचवडच्या लोकांना रँड आठवतो आणि चापेकर आठवतात. चापेकरांचा वाडा इथून हाकेच्या अंतरावर. २२ जून १८९७ ही तारीख मी कित्येक वर्षं मुलांकडून पाठ करून घेतली. पण त्याच वर्षी मुंबईत वॉल्डेमार हाफकिन नावाचा माणूस काय करत होता, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं! हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणजे परळला काहीतरी लशीचं आहे, एवढीच माहिती.

हाफकिननं ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांना विचारलं, कोण टोचून घेतो? निम्म्याच्या आसपास तयार झाले. पुढचे आकडे असे: न टोचलेले १७२, त्यांत १२ आजारी, ६ मृत्यू. टोचलेले १४७, त्यांत २ आजारी, मृत्यू एकही नाही. टोचलेल्यांपैकी ज्यांना त्याच दिवशी रोग दिसला त्यांना हिशेबातून वगळलं होतं, कारण त्यांना लागण आधीच झालेली.

वाचून मला वाटलं, झालं की सिद्ध! मग दुपारी भांडी आवरताना शंका आली. जे आपणहून पुढे आले ते मुळातच जरा धट्टेकट्टे, काळजी घेणारे असले तर? शाळेत जादा तासाला आपणहून बसणारी मुलं पास होतात ती तासामुळे, की ती मुळातच अभ्यासू म्हणून? हे कोडं मला तीस वर्षं सुटलेलं नाही.

हाफकिनलाही ही अडचण दिसत असणार, कारण पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, बडोद्याजवळच्या उंढेरा गावी त्यानं वेगळी रीत वापरली. प्रत्येक घरातली निम्मी माणसं टोचली, निम्मी नाही. घर तेच, उंदीर तेच, जेवणखाण तेच. त्यानंतर ज्या घरांत प्लेग शिरला तिथं टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ गेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले, त्यांतले २६ गेले.

त्या २६ पाशी मी बराच वेळ थांबले. तुलना इतकी स्वच्छ, की शंकेला जागाच नाही. पण एका घरात दोन लेकरं, एकाला टोचलेलं आणि एकाला नाही, असंही झालं असेल. त्या आईला कोणी काय सांगितलं असेल? लस खरंच उपयोगी आहे हे अजून पक्कं ठरायचं होतं म्हणून तर ही रीत, हे मला समजतं. तरीही समजणं आणि पचणं वेगळं.

शंभरेक वर्षांनी आपल्याच गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी माणसं वाटण्याऐवजी गावं वाटली. ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बायका घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेणार, आणि शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहणार. पण त्याआधी १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षं नुसती मोजणी. जन्मलेलं प्रत्येक बाळ आणि गेलेलं प्रत्येक बाळ. मला हे सगळ्यात मोठं काम वाटतं. आमच्या आजीला किती मुलं झाली हे तिला विचारलं की ती जगलेलीच सांगायची. हजारी ६२ असलेले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले, आणि तुलनेच्या गावांत ते ६० च्या घरातच राहिले. डिसेंबर १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. नुसत्या ३९ गावांचे आकडे दाखवले असते तर कोणीही म्हणालं असतं, काळ सुधारला, रस्ते झाले, म्हणून मृत्यू घटले. ती ४७ गावं आहेत म्हणून तोंड बंद होतं.

बंगांचं आणखी एक साधन मला फार आवडलं. न्यूमोनियात बाळाचा श्वास जलद होतो, पण अक्षरओळख नसलेली बाई पन्नास-साठपर्यंत मोजणार कशी? म्हणून एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मणी संपले तर न्यूमोनिया. हल्ली ज्याला त्याला डिजिटल म्हणतात. हे तर खरंखुरं बोटांवरचं डिजिटल!

आता पुन्हा फोनकडे. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'अरमान' संस्थेनं 'एममित्र' नावाची अशीच फोनसेवा चालवली. वस्त्यांतल्या सुमारे दोन हजार बायकांचा अभ्यास झाला, काहींना फोन, काहींना नाही. फोनवाल्यांना बाळाच्या संगोपनाची माहिती जास्त होती आणि काही सवयीही बदलल्या होत्या. पुढे २०२१ मध्ये २३,००३ बायकांवर दुसरा प्रयोग झाला. फोन ऐकणं कोण सोडून देईल हे संगणकानं ओळखायचं आणि त्यांच्याशी माणसानं बोलायचं. ऐकण्यातली गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. छानच. पण इथं मला माझ्या गोळ्या आठवल्या. फोन ऐकला म्हणजे गोळी हातात घेतली. गिळली का, ते पुढचं.

'किलकारी'ची मोठी तपासणी मध्य प्रदेशात झाली, ५,०९५ बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. निव्वळ अंगावरच्या दुधाच्या बाबतीत एकूण पाहता दोन गटांत खास फरक नाही. पाळणा लांबवण्याची साधनं मात्र फोनवाल्या गटात थोडी जास्त वापरली गेली. कोट्यवधी फोनांनंतर 'इथं फरक पडला, इथं नाही' असं छापून टाकणाऱ्यांचं मला कौतुक वाटलं. मला तरी ते धाडस झालं नव्हतं. आणि तिथं ज्यांच्या हाती फोन येतो अशाच बायका निवडल्या होत्या. आमच्या पोळ्यावालीसारख्या, जिचा फोन नवऱ्याच्या खिशात बसून चाकणला जातो, त्या यात धरायच्या कुठे?

ही नावं नर्सबाईंच्या नोंदणीतून जातात असं कळलं. उद्या तिला घेऊन नंबर बदलायला जाणार आहे. तिच्याकडे दुसरा फोन नाही, म्हणून म्हणाली, "आजी, तुमचाच देऊ का? मी अकराला येतेच इथं." मी हो म्हटलंय. फोन नऊला वाजला तर ऐकेन मीच, आणि वहीत ती नोंद तिच्या नावावर होईल.