तळटीप : मिररवर न दिसलेले तुकडे

१४. ‘मिररवर पहिलाच तुकडा आला, म्हणजे बाकीचे वाटेत हरवले’ : लेखकाचा हा निष्कर्ष घाईचा आहे. ४,००० बाइटचा यूडीपी मजकूर १,५०० च्या एमटीयूतून जाताना आयपी हेडर वगळता १,४८०, १,४८० आणि १,०४८ बाइटचे तीन तुकडे पडतात. पोर्ट क्रमांक सांगणारे यूडीपी हेडर फक्त पहिल्यात असते. फिल्टर पोर्ट ५३ पुरता लावला, तर उरलेले दोन त्यातून निसटू शकतात. मूळ यंत्राला मात्र ते सुखरूप मिळालेले असतात.

दुसरी मेख आकाराची. ॲमेझॉनच्या व्हीपीसीत (तिथे वाहतुकीची प्रत मिररवर पाठवण्याची सोय २०१९ पासून आहे) ही प्रत व्हीएक्सलॅनच्या वेष्टनात, यूडीपी पोर्ट ४७८९ वर जाते. वेष्टनासकट ती लक्ष्याच्या एमटीयूत मावली नाही, तर तिचे शेपूट छाटले जाते. शिवाय गर्दी झाली, की अग्रक्रम मूळ वाहतुकीला. प्रत खुशाल टाकून दिली जाते.

खात्री करायची तर पॅकेट ज्या यंत्राला पोचायचे तिथेच टीसीपीडम्प चालवावा, फिल्टर पोर्टवर न लावता पत्त्यावर लावावा, आणि एकाच आयडेंटिफिकेशन क्रमांकाखाली ०, १८५, ३७० हे तिन्ही ऑफसेट सापडतात का ते पाहावे (ऑफसेट आठ-आठ बाइटच्या मापात मोजतात). एक तुकडा जरी अडला, तरी लिनक्स एरवी ३० सेकंद थांबून आलेले तुकडेही फेकून देतो. पुनर्जोडणी फसल्याचा त्या यंत्रावरचा आकडा वाढताना दिसला, तर मात्र लेखकाच्या म्हणण्यात तथ्य आहे. — सं.