वाघाचे छायाचित्र पुरावा कसे झाले?

१३ ऑक्टोबर २०२२ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील वडसा परिसरात ‘सीटी-१’ या वाघाला बेशुद्ध करून पकडण्यात आले. गडचिरोली, चंद्रपूर व भंडारा या तीन जिल्ह्यांतील मिळून १३ माणसांचे बळी त्याच्या नावावर होते. अशा वेळी भलताच वाघ पकडला गेला, तर तो विनाकारण पिंजऱ्यात जातो आणि गावावरचे संकट तसेच राहते. मग नेमका वाघ ओळखायचा कसा?

वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. एकाच वाघाची डावी व उजवी बाजूही वेगळी असते. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात उत्तर भारतातील जंगलवाटांवर तारा ताणून ठेवल्या. तारेला वाघाचा पाय लागला की लखलखाट होई आणि छायाचित्र निघे. ही छायाचित्रे १९२७ मध्ये पुस्तकरूपाने आली. तरीही पुढे अनेक वर्षे लोकांनी त्यांच्याकडे नवलाई म्हणूनच पाहिले.

१९७२ पासून देशभर वाघ मोजले गेले ते पंजांच्या ठशांवरून. पण एकाच पंजाचा ठसा चिखलात एक, तर धुळीत दुसराच दिसतो. राजस्थानातील सारिस्कात २००४ च्या गणनेने डझनाहून अधिक वाघ दाखवले; २००५ मध्ये तेथे एकही उरला नसल्याचे उघड झाले.

दरम्यान डॉ. उल्लास कारंत यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळेत स्वयंचलित कॅमेरे लावले होते. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११ ठिकाणांच्या अभ्यासात चंद्रपूरचे ताडोबाही होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावले की वाघाच्या दोन्ही कुशी टिपल्या जातात. पुढचे गणित वर्गात करण्याजोगे आहे. समजा, पहिल्या फेरीत २० वाघ टिपले. दुसऱ्या फेरीत १६ टिपले. त्यांतले ८ आधीचेच निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीत निम्मे ओळखीचे. तेव्हा पहिले २० हेही एकूण वाघांच्या निम्मे असावेत. एकूण वाघ सुमारे ४०. प्रत्यक्षातील गणित अधिक बारकाईचे असते, पण तत्त्व हेच. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखण्यात आले.

मात्र छायाचित्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. कोणता वाघ, कोठे व केव्हा होता, एवढेच ते सांगते. हल्ला त्यानेच केला का, हे ठरवायला इतर पुरावे जोडावे लागतात. आणि जागा, तारीख व वेळ यांची नोंद नसेल, तर तेच छायाचित्र केवळ भिंतीवर लावण्याजोगे उरते.

ही शिस्त विद्यार्थ्यांना शिकवता येईल. त्यासाठी जंगलात शिरण्याची गरज नाही. गावातला मामा तलाव किंवा शाळेजवळचे मोहाचे झाड निवडा. दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच दिशेने एक छायाचित्र घ्या. सोबत तारीख, वेळ व छायाचित्र घेणाऱ्याचे नाव वहीत लिहा. वर्षाअखेरीस बारा चित्रे ओळीने मांडा आणि काय बदलले ते मुलांनाच विचारा. मोहफुले वेचायला पहाटे कोण जाते, त्या वेळी वाघही त्याच वाटेने फिरत असतो का, असे प्रश्न मग तीच विचारू लागतील. आपल्या दोन जिल्ह्यांत हे प्रश्न जगण्यामरण्याचे आहेत.