एक माणूस, दोन नावं: गोव्याच्या पासपोर्टांतून वाचायचा इतिहास

अभिलेखागारात काम सुरू केलंत की लवकरच एक प्रश्न समोर येतो: या दोन कागदांवरचा माणूस एकच आहे का? बहुतेक जण अशा वेळी स्पेलिंग ‘सुधारून’ पुढे जातात. तसं करू नका. नावातली तफावत दर वेळी चूक नसते, पुष्कळदा तोच पुरावा असतो. गोव्याचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हा प्रश्न जुन्या दप्तरांपुरता राहिलेला नाही. लोक तो घेऊन आजही विमानतळावर उभे असतात.

आधी कायदा पाहू. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यातली पोर्तुगीज सत्ता संपली. मार्च १९६२ मध्ये भारत सरकारने गोवा, दमण आणि दीवसाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. ज्यांचा स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात झाला होता, ते त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानले गेले. ज्याला हे नको असेल त्याने एका महिन्यात लेखी कळवायचं होतं. म्हणजे ज्याने काहीच केलं नाही तो भारतीय झाला.

पोर्तुगालला मात्र हे मान्य नव्हतं. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व त्याने १९७४ च्या अखेरीस झालेल्या करारात मान्य केलं. पुढे १९७५ मध्ये आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र होत असताना पोर्तुगालने तिथल्या बहुसंख्य लोकांचं पोर्तुगीज राष्ट्रीयत्व संपवणारा कायदा केला. त्यातही पूर्वीच्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांना, त्यांनी तशी इच्छा जाहीर केली तर, राष्ट्रीयत्व राखण्याची मुभा होती. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि या विसरल्यासारख्या हक्काला एकदम किंमत आली. लिस्बनमध्ये जन्माची नोंद करायची आणि पोर्तुगीज पासपोर्ट घ्यायचा, हा रस्ता मुलानातवंडांसाठीही उघडला.

आता नावाकडे वळू. पोर्तुगीज लेखनात ‘के’ हे अक्षर जवळपास नसतंच. त्यामुळे पोर्तुगीज काळातल्या नोंदीत ‘नाईक’ हे नाव एन-ए-आय-क्यू-यू-ई असं येतं. कामत ‘सी’ने सुरू होऊन ‘एम’वर संपतो. प्रभूचा ‘पोरोबो’ होतो. शेटमधला ‘श’ ‘एक्स’ने लिहिला जातो, कारण पोर्तुगीजमध्ये त्या अक्षराचा उच्चार तसाच होतो. याच घरातला माणूस देवस्थानच्या मराठी कागदावर सही करतो तेव्हा सरळ ‘नायक’ लिहितो. १९६१ नंतर शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाचं स्पेलिंग आलं आणि ‘के’ परतला. काहींनी तर आडनावच बदललं. त्यासाठी गोव्यात १९९० पासून वेगळा कायदाही आहे. ख्रिस्ती घरांची अडचण निराळी असते. जुन्या बाप्तिस्मा नोंदीत मुलाचं फक्त पहिलं नाव असतं, आडनाव आईवडिलांच्या नावावरून ओळखायचं.

या सगळ्यात चुकलं कोण? कोणीच नाही. प्रत्येक लिपिकाने कानावर पडलेलं नाव आपापल्या राज्याच्या अक्षरांत बरोबरच लिहिलं होतं.

अडचण येते ती प्रवासात. पोर्तुगीज पासपोर्टवरचं नाव जन्मनोंदीवरून येतं आणि भारतीय पासपोर्टवरचं सहसा शाळेच्या किंवा इथल्या दाखल्यांवरून. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. नावासाठी त्यात साधी रोमन अक्षरंच चालतात. ‘क्यू’वाला आणि ‘के’वाला नाईक भाऊबंद आहेत हे यंत्राला कळायचं कारण नाही. मग ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करत फिरावं लागतं.

त्याहून मोठी तफावत कायद्यात आहे. पोर्तुगाल दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो. भारतात १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. त्याखालच्या नियमांत दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणं हा याचा निर्णायक पुरावा मानला आहे. लिस्बनच्या दृष्टीने लिहिली जाते ती ‘आधीपासून असलेल्या’ हक्काची नोंद. दिल्लीच्या दृष्टीने पासपोर्ट हातात घेतला की ते नवं नागरिकत्व. नावासारखंच हेही: घटना एक, पण दोन राज्यांनी ती दोन तऱ्हांनी लिहिली. त्यामुळे दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवून कायदेशीरपणे फिरता येत नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि ओसीआय कार्ड मिळालं तरी मतदानाचा हक्क राहत नाही.

तुमच्या संशोधनात याचं काय करायचं? माहितीच्या तक्त्यात तीन रकाने ठेवा. पहिल्यात नाव नोंदीत आहे तसं, अक्षरही न बदलता. दुसऱ्यात शोध सोपा व्हावा म्हणून तुम्ही ठरवलेलं एकसारखं रूप. तिसऱ्यात दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे कशावरून ठरवलं ते: वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख. नुसतं नाव जुळतंय, एवढ्यावर जोडू नका. एकाच वाड्यावर एकाच नावाचे तिघे सहज सापडतात.

आणि हयात माणसांची अशी जोडलेली यादी प्रबंधाच्या परिशिष्टात छापण्याआधी थांबा. शंभर वर्षांपूर्वीच्या दोन नोंदी जोडणं हा अभ्यास आहे. आजची भारतीय मतदारयादी आणि लिस्बनमधली नोंद जोडून ती जाहीर केलीत, तर तुमच्या एका ओळीवरून कोणाचं तरी नागरिकत्व वादात सापडू शकतं. तिथे नावं वगळा आणि का वगळली ते पद्धतीच्या प्रकरणात लिहा. चांगला परीक्षक त्याचे गुण कापणार नाही.