ड्रमवरचा श्लेष

संगणकाच्या इतिहासात एक मजकूर असा आहे, की जो लिहिला गेला गद्यात आणि आज वाचला जातो मुक्तछंदात. टेक्सास विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ एड नेदर यांनी मे १९८३मध्ये तो युजनेटवर टाकला. विषय होता त्यांचा जुना सहकारी, मेल नावाचा प्रोग्रामर. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नकलत जाताना वाटेत कोणीतरी ओळी तोडल्या, आणि तोच पाठ रूढ झाला. पुढे नेदर यांनी ही हकीकत स्वतःच सांगितली, वर हा बदललेला पाठ आपल्याला अधिक आवडतो, असेही म्हटले. मी तो मराठीत करायला घेतला तेव्हा मूळ कशाला मानायचे, हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न होता. दुसरा अधिक अवघड निघाला: त्यातल्या यंत्राशिवाय त्या मजकुराला अर्थच नव्हता.

ते यंत्र म्हणजे १९५६ सालचा एलजीपी-३०. रचना स्टॅन्ली फ्रँकेल यांची, विक्री रॉयल मॅकबी या कंपनीची. आकार मोठ्या टेबलाएवढा, निर्वात नळ्या ११३. त्याची स्मृती एका फिरत्या ड्रमवर होती: ६४ पट्टे, दर पट्ट्यावर ६४ शब्द, एकूण ४०९६. ड्रम मिनिटाला सुमारे ३,७०० फेरे घेई. हवा तो शब्द वाचनटोकाखालून नुकताच निघून गेला असेल, तर तो पुन्हा येईपर्यंत सोळा मिलिसेकंद थांबायचे. सुटलेल्या लोकलमागे धावून उपयोग नसतो, तसेच. सोळा मिलिसेकंद किरकोळ वाटतात, पण एखादे आवर्तन दहा हजार वेळा फिरले की त्याची जवळजवळ पावणेतीन मिनिटे होतात.

पुढच्या यंत्रात, आरपीसी-४०००मध्ये, प्रत्येक आज्ञेतच पुढच्या आज्ञेचा पत्ता असे. म्हणजे लागोपाठच्या दोन ओळी ड्रमवर कुठेही ठेवता येत. पहिली पार पडेपर्यंत ड्रम जेवढा फिरेल, नेमके तिथे दुसरीने हजर असायचे. ही मांडणी आपोआप करणारा प्रोग्राम उपलब्ध होता. मेलने तो वापरायला नकार दिला. कुठली ओळ कुठे पडेल हे तुम्हाला कळणार नाही, मग स्थिरांक वेगळे लिहावे लागतील, अशी त्याची तक्रार होती.

या तक्रारीपाशी मी बराच वेळ थांबले. यंत्राच्या लेखी आज्ञाही आकडाच असते. मेलला प्रत्येक आज्ञेचा आकडा आणि जागा ठाऊक असल्यामुळे, गुणाकारासाठी एखादी संख्या हवी असेल तर तो आधी लिहिलेली एखादी आज्ञाच संख्या म्हणून वापरी. आपल्याकडे याला श्लेष म्हणतात. शब्द एक, कामे दोन. आणि श्लेषाचे जे होते तेच इथेही होई: दुसऱ्या कोणी ओळ हलवली की एक अर्थ गळून पडे. मेलचा पत्त्यांचा खेळ, ब्लॅकजॅक, नव्या यंत्रावर न्यायचा तर तो नव्याने लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. माझ्या धंद्यात अशा कवितेला अननुवाद्य म्हणून मोकळे होता येते. कंपनीला ती सोय नसते.

विक्रेत्यांना तर त्याहून पुढचे हवे होते: बटण दाबले की ग्राहक जिंकावा. मेलला ही लबाडी वाटली. फार आग्रह झाल्यावर त्याने लिहिले, पण उलटे झाले. बटण दाबले की यंत्रच लबाडी करून जिंकू लागले. मेल खूश झाला आणि दुरुस्ती करीना. तो नोकरी सोडून गेल्यावर ते काम नेदरांकडे आले. त्यांना कोडमध्ये एक आवर्तन सापडले, ज्यातून बाहेर पडण्याची अटच नव्हती. तरी प्रोग्राम बाहेर पडत होता! उलगडा व्हायला दोन आठवडे लागले. मेल आपल्या आज्ञेच्या पत्त्यात दर फेरीला एक मिळवी, आणि माहिती त्याने स्मृतीच्या अगदी शेवटच्या जागांवर ठेवली होती. पत्ता कमाल मर्यादेला पोहोचला की हातचा पुढे सरके आणि आज्ञेचा प्रकारच बदलून टाकी. नवी आज्ञा: शून्याव्या पत्त्यावर उडी मार. पुढचा प्रोग्राम तिथेच होता.

नेदरांनी दुरुस्ती केली नाही. तपासणी सापडली नाही, असे वरिष्ठांना सांगून टाकले. वाचक इथे मेलच्या बाजूने टाळ्या वाजवतो. मला ते दोन आठवडे अधिक मोलाचे वाटतात. इतक्या चिकाटीचा वाचक किती लेखकांना मिळतो?

मेलला कंपायलर मान्य नव्हते, असे नेदर लिहितात. स्वतःचीच आज्ञा बदलू न शकणारा प्रोग्राम त्याला निरुपयोगी वाटे. पण गोष्टीत नसलेले त्याचे आडनाव नंतर ज्या कागदातून हाती लागले, तो एलजीपी-३०चा माहितीग्रंथ वेगळेच सांगतो. रॉयल मॅकबीच्या मेल के यांनी ‘ॲक्ट १’ प्रणालीचे बहुतांश प्रोग्रामिंग केले, अशी नोंद त्यात आहे. ‘ॲक्ट १’ हा कंपायलर होता.

भाषांतर मी ओळी तोडूनच केले. सगळ्यात जास्त वेळ एका शब्दाने खाल्ला. मुद्दाम उशीर हवा असेल तेव्हा मेल पुढची आज्ञा नुकत्याच निघून गेलेल्या जागी ठेवी, म्हणजे तिच्यासाठी पूर्ण फेरी थांबावे लागे. सर्वोत्तम जागेच्या नेमक्या उलट असलेल्या या जागेला इंग्रजीत एक गमतीदार लॅटिनवजा शब्द आहे. मी तिला ‘अवजागा’ म्हटले आहे.